नाही म्हणायची आमची पद्धत

तीन शहरांनी मिळून तरुण पोरांना पुढारी करायचं ठरवलं, तेव्हा ही पोरं आठवडाभर जेवणार काय हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. ते शेवटी माझ्या डोक्यावर आलं. गावात मोठ्या पातेल्यात स्वयंपाक करणारी बाई कोण, तर मी. गणपतीला पन्नास माणसांचा पुलाव केला होता एकदा, तो असा अंगाशी आला.

आयर्लंडमधलं आमचं स्लायगो, हॉलंडमधलं एक शहर आणि पोलंडमधलं एक शहर, या तिघांचं काही वर्षांपासून गूळपीठ आहे. म्हणजे इथली मंडळी तिकडे जाऊन सायकलींचे रस्ते बघून येतात, तिकडची मंडळी इथे येऊन पावसात भिजून जातात, आणि दोन्हीकडे फोटो काढले जातात. रस्ते आहेत तिथेच आहेत. त्यात त्या उन्हाळ्यात नवीन टूम निघाली, युवा नेतृत्व प्रशिक्षण. प्रत्येक शहरातली दहाएक पोरं आमच्या गावात आठवडाभर राहणार, आणि शेवटच्या दिवशी आपल्यातल्या एकाला निवडणार. निवडलेल्याने वर्षभर हॉलंडला राहायचं आणि तिन्ही शहरांच्या संयुक्त युवा समितीत आपल्या गावाच्या वतीने बोलायचं. पहिली पाळी स्लायगोची होती.

आमच्या कन्येला ते हवं होतं. नुकतीच शाळा संपवून बसली होती, पण तेवढ्यासाठी नव्हे. तिचा जन्म इथल्याच हॉस्पिटलातला, जिथे मी लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासते. मराठी तिला सगळं कळतं, माझ्या शिव्यांसकट, पण उत्तर येतं ते अस्सल स्लायगोच्या इंग्रजीत. तरी बसस्टॉपवर कुणीतरी भली आजीबाई गोड हसून विचारतेच, बाळ, तू कुठली? ही सांगते, स्लायगोची. मग ती आजी म्हणते, हो गं, पण खरंच कुठली? हे ‘पण खरंच’ पोरगी लहानपणापासून ऐकत आलीय. चिडत नाही, हसते, घरी आल्यावर दार जरा जोरात लावते. एकदा भांडी पुसता पुसता माझ्याकडे न बघताच म्हणाली, की मला जर स्लायगोनेच पाठवलं तर मग कोण विचारेल? नवरा डब्लिनजवळ लिक्सलिपला कॉम्प्युटरच्या चिप्सच्या कारखान्यात, सोमवार ते शुक्रवार तिकडेच खोली घेऊन राहतो, म्हणून असल्या गोष्टी घरात आम्ही दोघीच ऐकतो.

घरातली त्याची खोली आठवडाभर रिकामी, म्हणून प्रशिक्षण द्यायला आलेली डच बाई आमच्याकडेच उतरली. उंच, सडपातळ, पन्नाशीची, आणि बोलणं एकदम सरळ. आल्या आल्या मला म्हणाली, तुमचा पडदा वाकडा लागलाय. लागला होताच, पण अकरा वर्षांत कुणी बोललं नव्हतं. पहिल्या रात्री मी पुऱ्या केल्या. चार खाऊन झाल्यावर विचारलं, अजून एक? ती नको म्हणाली. आता नको म्हटल्यावर न वाढणारी बाई आमच्या नागपुरात तरी माझ्या बघण्यात नाही. मी टम्म फुगलेली एक तिच्या ताटात सोडली. तिने ती उचलली, शांतपणे परत डब्यात ठेवली, आणि मला समजावून सांगितलं, की मी नको म्हणाले होते. माझ्या पुरीला असं परत पाठवणारं माणूस मी जन्मात पाहिलं नव्हतं. कन्या ताटात तोंड खुपसून हसत होती.

आयर्लंडला आल्यावर मला सगळं शिकावं लागलं. कपाटाला प्रेस म्हणायचं, पावसाला सॉफ्ट डे म्हणायचं, ड्रायव्हरला उतरताना थँक्यू म्हणायचं. एक गोष्ट मात्र आयती जमली. इथल्या माणसाला चहा विचारा. आधी म्हणणार, छे छे, आत्ताच घेतला. पुन्हा विचारा, म्हणणार, उगाच कशाला त्रास. अजून एकदा विचारलं की बसणार, चहा पिणार आणि अर्धा केक संपवणार. मला तर माहेरी आल्यासारखं वाटलं. कन्येलाही मी हेच शिकवलं होतं, कुणी काही देऊ केलं की झडप घालायची नाही, आधी नाही म्हणायचं. शाळेने तेच शिकवलं, शेजारणीने तेच शिकवलं. दोन देशांनी मिळून घासूनपुसून तयार केलेली पोर ती.

प्रशिक्षण गावच्या हॉलमध्ये चालायचं. मी सुट्टी टाकून दुपारी पातेलं घेऊन जायचे आणि मागे उभी राहून बघायचे. लोकरीचा गुंडा एकमेकांकडे फेकून जाळं केलं, म्हणे हा विश्वास. डोळे बांधून खुर्च्यांमधून चालले, म्हणे ही दूरदृष्टी. रंगीत चिठ्ठ्या भिंतीवर चिकटवल्या, संध्याकाळी झाडूवालीने काढल्या. सगळीच पोरं पुढारी झाली तर मोर्चात मागे कोण चालणार, असं मी डच बाईंना विचारलं. त्यांनी तो प्रश्न चांगला आहे म्हणून फळ्यावर लिहिला. काय बोलावं!

गंमत असायची ती एकमेकांच्या कल्पनांवर मत देताना. डच पोरं तोंडावर सांगायची, तुझी कल्पना कच्ची आहे. पोलिश पोरं गंभीर चेहऱ्याने गप्प बसायची आणि मग एकच वाक्य असं बोलायची की समोरचा पाणी प्यायला उठायचा. आणि आमची स्लायगोची पोरं सगळ्यांना म्हणायची, फारच इंटरेस्टिंग आहे. त्याचा अर्थ भिकार आहे, हे फक्त मला आणि त्यांनाच ठाऊक. पण एक खरं सांगते. आमची कन्या त्या वर्तुळात बोलायला लागली की बाकीचे ऐकायचे. शेवटची बस संध्याकाळीच सुटते म्हणून खेड्यातली पोरं घरात कशी कोंडली जातात, याच्यावर ती बोलली तेव्हा माझा डाव पातेल्यातच राहिला. ही माझी पोरगी एवढं बोलते? घरी तर ‘हं’च्या पुढे जात नाही.

शुक्रवारी समारोप. खुर्च्यांचं मोठं वर्तुळ, मागे आम्ही पालक. मी साडी नेसून गेले होते. डच बाईंनी सांगितलं की पोरांनी मतं दिली आहेत आणि सर्वांत जास्त मतं आमच्या कन्येला आहेत. बाईंनी तिच्याकडे बघून विचारलं, तू ही जागा घेशील का?

कन्या लाल झाली, खाली बघितलं, आणि म्हणाली, “नको हो, माझ्यापेक्षा चांगले आहेत की इथे.”

शाब्बास, म्हटलं मी मनात. काय गोड म्हणाली! आजूबाजूच्या आयरिश आया माना डोलवत होत्या. युवा केंद्र चालवणारा इथला गृहस्थ, ज्याने हा सगळा घाट घातला होता, तोही कौतुकाने हसला. सगळा हॉल आता दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत बसला.

डच बाई म्हणाल्या, प्रामाणिकपणे नाही म्हणता येणं हेही नेतृत्वच. आणि टाळ्या वाजवल्या. डच पोरांनीही वाजवल्या.

मला काही कळेचना. कन्येने मान वर केली तेव्हा तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता. तोवर बाई दुसऱ्या नावावर गेल्या. तो एक उंच फुटबॉल खेळणारा पोरगा, स्लायगोचाच. त्यालाही हवं होतं, सगळ्या गावाला माहीत होतं. तो म्हणाला, छे, मला कुठे जमणार. टाळ्या. मग तिसरी, बेकरीत काम करणारी मुलगी. ती म्हणाली, नको बाई, मी आपली इथेच बरी. पुन्हा टाळ्या. माझ्या डोळ्यांदेखत आमच्या गावाचे तीन पुढारी सभ्यपणापायी बुडाले आणि एकाही आयरिश माणसाने तोंड उघडलं नाही. उघडणार कसं? मध्येच बोलणं असभ्य ना! बाईंनी जाहीर केलं की स्लायगोला जागा नको असेल तर ती पोलंडच्या शहराला जाईल, चहानंतर नक्की करू. पोलिश पोरं एकमेकांत कुजबुजायला लागली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चहाच्या टेबलाशी मी आधी युवा केंद्रवाल्याला गाठलं. तो म्हणाला, अहो होईल सगळं नीट, मी बोलतो त्यांच्याशी. आणि बिस्किटांकडे वळला. या देशात ‘मी बोलतो’ म्हणजे विषय संपला, हे मला इतक्या वर्षांत कळलंय. मग गेले डच बाईंकडे. म्हटलं, तिचं नाही म्हणजे नाही नव्हतं, तुम्ही पुन्हा विचारायला हवं होतं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, मी मुलींना आयुष्यभर हेच सांगत आलेय की तुमच्या नाहीचा मान राखला गेला पाहिजे. आता मी तो राखला तर तुम्ही रागावता. मग तिला खरंच नको असेल, ते मी ओळखायचं कसं?

हे ऐकून मी जास्तच चिडले. त्या एवढंच म्हणाल्या, की तिला हवं असेल तर तिने सांगावं. आईने नाही.

कन्या कोट टांगायच्या बोळात भिंतीला टेकून उभी होती. रडत नव्हती, पण नाकाचा शेंडा लाल. मी काही बोलायच्या आत ती मराठीत म्हणाली, चक्क मराठीत.

“आई, मला जायचंय.”

“मग मला काय सांगतेस? आत जा, त्यांना सांग.”

ती इंग्रजीवर आली. सगळ्यांसमोर मागून घ्यायचं? लोक म्हणतील हिला नोशन्स आहेत. आता हे नोशन्स म्हणजे इथली सर्वांत वाईट शिवी. स्वतःला फार समजणारा माणूस. चोर परवडला, दारुडा परवडला, पण नोशन्सवाला नको. या भीतीने इथे माणसं नवी गाडी घेतली तरी शेजाऱ्याला सांगतात, सेकंडहँड आहे. मला तिची कीव आली आणि रागही आला, दोन्ही एकदम. मी तिच्यावर खेकसले, की मग राहा इथेच, आणि उद्या बसस्टॉपवर कुणी विचारलं खरंच कुठली, तर आत्तासारखीच गप्प बस. बोलून गेले आणि जीभ चावली. तिने माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता ही वर्षभर माझ्याशी बोलणार नाही. मग ती वळली आणि हॉलमध्ये गेली.

सगळे परत बसत होते. ती बसली नाही. खुर्चीच्या पाठीला घट्ट धरून उभी राहिली, आणि तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मागच्या लोकांनी माना पुढे काढल्या.

“मी नाही म्हणाले ते खोटं होतं. मला ही जागा हवी आहे. स्लायगोतर्फे मला बोलायचंय, आणि मला ते चांगलं जमेल.”

‘मला चांगलं जमेल’ असं वाक्य त्या हॉलने कधी ऐकलं नसावं. आयरिश आया आपापल्या पर्सकडे बघू लागल्या. मला वाटलं, जमिनीने मला पोटात घ्यावं, आणि त्याच वेळी वाटलं, खुर्चीवर चढून ओरडावं की ही माझी पोर.

तो उंच फुटबॉलवाला पोरगा, ज्याची स्वतःची जागा गेली होती, तो बुटांकडे बघत पुटपुटला, “आमचीच आहे ती. पाठवा तिला.”

बेकरीवाली म्हणाली, हो तर. मग सगळ्या बाजूंनी हो तर, हो तर सुरू झालं. पोलिश पोरांनी सर्वांत आधी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या तोंडचा घास जात होता, तरी. डच बाईंनी कन्येला परत विचारलं, घेशील का, आणि ती ‘हो’ म्हणाली, एकदाच. मग मटकन खाली बसली आणि फुटबॉलवाल्याने तिच्या पाठीत असा धपाटा घातला की ती खोकायला लागली.

मी मागे डोळे पुसत होते. पदर ओला, काजळ गालावर. नवऱ्याला फोन लावला, तो शिफ्टवर, उचलला नाही. आया येऊन अभिनंदन करून जात होत्या, एक वर्ष म्हणजे काय, चुटकीसरशी जाईल, असं प्रत्येकजण सांगत होती. मी हसून हो हो म्हणत होते.

सगळं आवरल्यावर डच बाई माझ्याकडे आल्या. मुलगी सज्ञान आहे, तरी आईला विचारल्याशिवाय मला बरं वाटणार नाही, म्हणाल्या. तुमची काही हरकत?

“छे, कसली हरकत,” मी म्हटलं. “आनंदच आहे.”

त्यांनी मान हलवली, दोन पावलं गेल्या. मग थांबल्या, परत आल्या, शेजारची खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या, आणि हळू आवाजात पुन्हा विचारलं, हरकत नाही ना?

“आहे,” मी म्हटलं. “सोमवार ते शुक्रवार घरात मी एकटी असणार. पण न्या तिला.”