बटछपाईचा अर्थ

हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नाही, आणि त्याला तर मी भाजीत मीठ जास्त पडलं तरी ताट वाढायच्या आधीच सांगून टाकते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही आमच्या गल्लीतले नाही. धीर म्हणाल तर एवढाच.

खेळापासून सुरू करते — ते सोपं आहे. बीड बायपासच्या पलीकडे तेव्हा नुसते प्लॉट पडत होते, घरावर घर उठत होतं, शहर आमच्या अंगावरून पुढं चाललं होतं. पाणी मात्र कुणाच्याच घरी नव्हतं. लागोपाठ दोन उन्हाळे बोअर कोरडे. टँकर दुपारी येतो म्हणायचे. म्हणजे कधी, ते ड्रायव्हरलाही ठाऊक नसायचं. मग आम्ही बायका रिकामे ड्रम रांगेत लावून नसरीनभाभींच्या पोर्चमध्ये बसायचो. भाभींच्या सासऱ्यांनी निजामाच्या काळात कचेरीत कारकुनी केलेली. त्यांचा जुन्या दफ्तरी शब्दांचा एक फाटका कोश घरात होता. त्यातला एखादा विचित्र शब्द भाभी काढायच्या आणि आम्ही प्रत्येकीनं त्याचा खोटा अर्थ रचून त्यांच्या कानात सांगायचा. भाभी त्यात खरा अर्थ मिसळून सगळे एका सुरात म्हणून दाखवायच्या. खरा कुठला, ते ओळखायचं. एकदा ‘मोहतर्फा’ निघाला. तो कारागिरांवरचा कर निघाला, पण आम्ही निम्म्याजणी ‘मोहापायी बायकोची तरफदारी करणारा नवरा’ यालाच फसलो! असे नवरे कोशात तरी असावेत, एवढीच आमची इच्छा.

थाप कुणाची, हे भाभी कधीच फोडत नसत. टँकर आला की आज जिंकलं कोण, तेवढं सांगायच्या. आम्ही लाख खोदून विचारलं तरी एकच उत्तर — “कानात सांगितलेली बात अमानत हाय, बाई.”

सुलभा माझ्या समोरच्या घरात राहायची, अजून राहते. तिचं आणि भाभींचं घर एका भिंतीचं. तिची सासू दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. सुलभा तिला हातानं भरवायची, वेणी घालायची, रात्रीबेरात्री कूस बदलायची. एक दिवस माझ्या स्वयंपाकघरात बसून ती रडली. चादरी धुण्यातच सगळं पाणी जातं गं, म्हणाली. म्हातारीला अंघोळ आठवड्यातून एकदाच. बाकीचे दिवस ओल्या फडक्यानं पुसायचं, आणि कुणी आलं तर पावडर लावून बसवायचं. लासूर स्टेशनहून नणंद रोज फोन करून विचारायची, आईला अंघोळ घातली का? सुलभा म्हणायची, घातली. “रोज खोटं बोलते गं मी,” ती म्हणाली. मी तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. कुणाला सांगणार नाही, हे वेगळं बोलायची गरज तरी होती का?

आता सांगते. नाही — अजून एक गोष्ट आधी. त्या आठवड्यात मी रोज हरत होते. शाळेत वक्तृत्वाची बक्षिसं घेतलेली बाई मी, आणि माझ्या थापांना कुणी फसत नव्हतं. एवढंसं कारण. तुम्ही मोठं शोधाल, पण नाही सापडायचं.

त्या दिवशी शब्द निघाला ‘बटछपाई’. वजनमापांवर शिक्का मारायचा जुना कर होता म्हणे. मी भाभींच्या कानाशी वाकले आणि म्हणाले — म्हातारीला अंघोळ न घालता पावडर छापून पाहुण्यांपुढं बसवणं.

भाभींना आतलं काही माहीत नव्हतं. त्यांनी ते इतर अर्थांच्या सुरातच म्हटलं. सगळ्या खो खो हसल्या. सुलभा हसली नाही.

आणि सुलभाची नणंद, कमलताई, त्या दिवशी आमच्यातच बसली होती. सकाळीच आली होती लासूरहून. मी ते विसरले होते, असं सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं! पण तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागत होता. मला वाटलं, तिला कुठं काय कळतंय.

तिला शब्दांवरून कळलं नसतंच. तिनं सुलभाचं तोंड पाहिलं. “व्हय का, वहिनी?” एवढंच म्हणाली, आणि उठून घरात गेली. दुसऱ्या दिवशी जीप आली आणि म्हातारीला लासूरला घेऊन गेली. जाताना म्हातारी सुलभाचा पदर सोडत नव्हती. तो सोडवलेला मी माझ्या खिडकीतून पाहिला.

संध्याकाळी सुलभा माझ्याकडे आली. “भिंतीला कान असतात ते खोटं नाही. नसरीनभाभींनी माझ्या घरातलं ऐकलं, आणि त्याचीच थाप रचून चारचौघीत बोलल्या. तुझ्याशिवाय कुणाला बोलले होते मी?”

तिनं स्वतःच उत्तर माझ्या हातात ठेवलं होतं. मी म्हणाले, “असेल, बाई.”

हळूहळू भाभींच्या पोर्चमध्ये जाणं बंद झालं. त्यांच्यात असंच असतं, असंही कुणीतरी म्हणालं, आणि ते मी ऐकून घेतलं. भाभींना एका शब्दात सुटता आलं असतं. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. पुढं त्यांच्या मालकांनी सिल्लोडला कापसाचा धंदा धरला, तेव्हा निघायच्या दिवशी त्या माझ्या फाटकाशी आल्या. “येते,” म्हणाल्या, आणि थांबल्या. चांगल्या थांबल्या. मी विचारलं, टेम्पो किती वाजता येणार आहे?

म्हातारी त्याच उन्हाळ्यात, पाऊस पडायच्या आधीच गेली. कमलताईनं भावाला बोलावलं, वहिनीला आणू नको म्हणाली. शेवटचं पाणीसुद्धा मला तोंडात घालू दिलं नाही, असं म्हणत सुलभा माझ्याच खांद्यावर रडली. दुसऱ्या कुणाच्या रडणार?

आता नळ आलाय, चार-पाच दिवसांआड का होईना. सुलभा दुपारी चहाला येते. भाभींचा विषय निघाला की तिचा आवाज अजून चढतो. मग ती शांत होते आणि म्हणते, तुझ्याजवळ बोललेलं कुठं जात नाही बघ. मी कप पुढं करते. तिला साखर कमी लागते, ते मला माहीत आहे. तिचं सगळंच मला माहीत आहे.