तीन शिमगे आणि जिवंत आमिष

किस्से काही कोणी ठरवून जमवत नाही. दुपारच्या सुट्टीत डबे उघडले की कुणीतरी "आठवतं का रे?" म्हणतो आणि आणखी एकाची भर पडते. आमचे निम्मे किस्से मासे पकडायचे, आणि त्यातले बहुतेक मासा न मिळाल्याचे!

पिंपरीत नव्या निघालेल्या एका कंपनीत आम्ही तिघे एकाच खात्यात होतो. मी सोलापूरकडचा, बबन रोज सायकलने चऱ्होलीहून येणारा, आणि कासारवाडीच्या खोलीतला माझा सोबती दत्ताराम, दाभोळच्या खाडीवरचा. होडी सोडून कंपनी धरली म्हणून त्याचे वडील, तात्या, त्याच्याशी धड बोलत नसत. घरातला पाग, म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, त्याला शिवूही देत नसत. म्हणायचे, "कंपनीवाल्याच्या हातात पाग देणार नाय!"

दत्तारामला ते फार लागायचं. शिमग्याच्या रजेत तो आम्हा दोघांनाही गावी न्यायचा. गळाने एक तरी तांबोसा मासा काढून बापापुढे ठेवायचा, एवढंच त्याच्या डोक्यात. पण तिथला तांबोसा मेलेल्या आमिषाकडे ढुंकून बघत नसे. गळाला वळवळती कोळंबी हवी. पाग नाही, म्हणून आम्ही जुन्या धोतराने कोळंबी गाळायचो.

पहिल्या वर्षी बबनने चऱ्होलीच्या मळ्यातली डबाभर गांडुळं आणली. "आमच्या नदीत यावर पायजे तेवढं मासं गावत्यात!" तात्यांनी डब्यात डोकावून पाहिलं.

"समुद्राला खत घालायला आलास काय?"

त्याच वर्षी धोतरात दहा-बारा कोळंब्या आल्या. ऊन कडक होतं. मला त्यांची दया आली आणि मी डब्यात विहिरीचं थंडगार गोडं पाणी ओतलं. पाव तासात सगळ्या आडव्या! दत्ताराम डोक्याला हात लावून बसला. तात्या मला म्हणाले, "पाहुण्यांना पाणी पाजलंस, बरं केलंस. आता मढी उचल!"

पुढच्या वर्षी दत्तारामने कंपनीत एका डब्याला ड्रिलने भोकं पाडून घेतली. डबा खाडीतच बुडवून ठेवायचा, म्हणजे पाणी खेळतं राहतं. कल्पना झकास, राव! डबा वर काढला तर रिकामा. भोकं कोळंबीपेक्षा मोठी होती.

त्यात आमची सवय आठच्या शिफ्टची. रोज बरोब्बर आठला खाडीवर हजर! एका दिवशी गेलो तर पाणी केव्हाच ओसरलेलं. गुडघाभर चिखलात बबन ओरडला, "आरं, पाणी कुठं गेलं?"

तात्या काठावरून म्हणाले, "समुद्राला भोंगा नसतो."

तिसऱ्या वर्षी सगळं नीट जमलं. भरती साधली, डबा नवा होता. आणि पहिल्याच फेरीला धोतर टराटरा फाटलं. दत्ताराम पाण्यात तसाच उभा राहिला. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात तात्या काठावरून उतरले, एकदाच पाग फेकला, उड्या मारणाऱ्या कोळंब्या आमच्या डब्यात झटकल्या आणि घरी गेले. दुपारी दत्तारामच्या गळाला हातभर तांबोसा लागला. त्याने तो घरी नेऊन तात्यांपुढे ठेवला. तात्यांनी रात्री तीन तुकड्या खाल्ल्या आणि एवढंच म्हणाले, "मीठ कमी आहे."

दत्ताराम मला म्हणाला, "आमिष त्यांचं, म्हणजे मासाही त्यांचाच. मी काय दाखवलं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही परतीला निघालो. तात्या कधी एस.टी.पर्यंत यायचे नाहीत, त्या दिवशी आले. गाडी सुरू झाल्यावर त्यांनी खिडकीतून एक ओलं पोतं दत्तारामच्या मांडीवर ढकललं. आत पाग होता.

"तात्या, मग तुम्हाला?"

गाडीबरोबर चार पावलं चालत तात्या ओरडले, "गेल्या गेल्या वाळत घाल! ओला राहिला तर कुजतो, मेल्या!"