कुंपणावरचा लाल हातमोजा

जर्मनीला निघताना भावोजी म्हणाले होते, “जर्मन माणसं म्हणजे नुसती यंत्रं. हसायचीसुद्धा नाहीत.”

खरंच, तिथल्या रस्त्यावर समोरून आलेले एक आजोबा हसले नाहीत. बर्फात कुणा लहान मुलाचा लाल हातमोजा पडला होता. गुडघा धरून ते वाकले, मोजा झटकला आणि शोधायला येणाऱ्याला लांबूनही दिसावा म्हणून कुंपणाच्या टोकावर चढवून ठेवला. तिथली ही रीतच आहे, असं नंतर कळलं. मी मात्र नुकतीच तो मोजा ओलांडून, त्यांच्याकडे बघून गोड हसले होते.

माया काय दात दाखवूनच करायची असते?

आता कुणी “कोरडी हो ती माणसं” म्हणालं, की मी गप्प बसत नाही. भावोजींनाही सुनावलं, “हसू नका हवं तर. एकदा वाकून दाखवा.”