बायका ‘नाही’ म्हणाल्या

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून कुणी ऐकलेली नाही. नवऱ्याला मी सगळं सांगते, शेजारणीशी झालेल्या भांडणासकट. पण हे नाही. दोन-तीनदा सुरुवात केली होती. मग दूध उतू गेलं, फोन वाजला, आणि मी सुटल्यासारखी उठले. खरं सांगू? दूध उतू गेलं नसतं तरी उठलेच असते.

गेल्या महिन्यात ऑफिसातल्या पोरांनी आमच्या फर्मची वेबसाइट केली. ‘मॅडम, व्हॅल्यूजचं पान तुम्हीच लिहा ना.’ तीन मथळे हातात दिले: समाजाशी बांधिलकी, पर्यावरणाचं भान, सहकाऱ्यांची वाढ. मी लिहिलं. चांगलंच लिहिलं, हात बसलाय आता. पोरं खूश झाली. आणि त्या दिवशी मी डबा न उघडताच घरी परत नेला.

कारण त्या तिन्ही गोष्टी मी सरांकडून घेतल्यात, ज्या आर्किटेक्टकडे मी पहिली नोकरी केली त्यांच्याकडून — आणि त्या तिन्हींशी मी एकाच दुपारी बेइमानी केली आहे. सरांना असले मोठाले शब्द आवडायचे नाहीत. राजेंद्र नगरात त्यांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत आमचं ऑफिस होतं. मी तिथे पहिली. म्हणजे पहिली बाई नव्हे — पहिला माणूसच. सर आणि मी, दोन ड्रॉइंग बोर्ड, आणि एक टेबलफॅन जो सगळे कागद उडवायचा.

तेव्हा इंदुरात कापडाच्या गिरण्या — आम्ही मिलच म्हणतो — एकामागून एक बंद पडत होत्या. दुसरीकडे शहरात नवा पैसा येत होता आणि ज्याला त्याला घरात संगमरवर हवा होता. सरांनी संगमरवरवाल्यांना सोडून मिलवाल्यांचं काम घेतलं. मिलच्या चाळीतून ज्यांना उठवलं जाणार होतं त्या कुटुंबांनी सोसायटी केली होती, बेटम्याच्या रस्त्याला त्यांना जमीन मिळाली होती. तिथे घरं बांधायची होती.

सरांची एक रीत होती. नकाशा कागदावर पक्का करायचा नाही. आधी प्लॉटवर पांढऱ्या फक्कीने घर आखायचं, पुऱ्या मापाचं, आणि ज्याचं घर त्याला त्यात हिंडू द्यायचं. चूल इथे, मोरी इथे, म्हातारीची खाट इथे. माणसं त्या फक्कीच्या रेघा ओलांडत नसत, दारातूनच आत येत. मग ती जे म्हणतील ते शेवटचं. एकदा ‘नाही’ ऐकलं की सर पुन्हा विचारायचे नाहीत. ‘दोनदा विचारलं की तो आग्रह झाला,’ म्हणायचे.

बायकांचं ऐकून येणं माझ्याकडे होतं. पुरुष उभे असले की बायका ‘जैसा ये बोलें’ म्हणून पदर सावरत. मी एकटी गेले की बोलत. म्हणजे कळलं ना? बायका काय म्हणाल्या हे फक्त मला ठाऊक असायचं. माझ्या शब्दाला दुसरा साक्षीदारच नव्हता, आणि सरांना तो कधी लागला नाही.

आणखी एक रीत. दर वर्षी ऑफिसातल्या एकाला सर दक्षिणेत पाठवत. मातीची, कमी सिमेंटची बांधकामं शिकवणारी एक जागा होती तिथे. माझ्या मागून आलेले दोघे जाऊन आले. मी नाही. ‘नलिनी, तुझ्यावाचून इथे पान हलत नाही गं.’ कौतुकच ते! पण कौतुकाच्या खुंटीला बांधलेली गाय शेवटी बांधलेलीच ना?

मग मिलिंद आला.

महूचा. आजोबा फौजेत होते, वडीलही. कडक इस्त्रीचा शर्ट, आणि त्याच शर्टात प्लॉटवर मातीत बसायचा. मला पहिल्या दिवसापासून ‘ताई’. चांगला होता हो. तेच तर दुखत होतं! वाईट असता तर मी त्याला माफ केलं असतं.

महिनाभरात चाळीतली पोरं त्याला ‘मिलिंद भिया’, म्हणजे भैया, करत मागे फिरू लागली. मी चार वर्षं जात होते, मला ‘मॅडम’. पहिल्या खेपेला तिथल्या एका म्हाताऱ्याने त्याला विचारलं होतं, ‘पूरा नाम क्या, बेटा?’ त्याने सांगितलं. आडनाव ऐकून ओट्यावर जरा शांतता झाली, तुम्ही समजता ती. तेवढ्यात कमलबाई — त्यांचा नवरा मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होता — आतून आल्या आणि त्यांनी आपल्या हातातला कप त्याला दिला. ‘घे रे बाबा, थंडी होऊन राह्यली चाय.’ त्या दिवसापासून तो त्यांच्याकडे जेवायचाही. आणि मी? मी घरून डबा न्यायचे. पोट नाजूक आहे म्हणून सांगायचे. आमच्या घरात तसलं काही मानत नाहीत, असंही सांगायचे. डबा मात्र रोज न्यायचे.

आणि सर. सर आधी हाक मारायचे, ‘नलिनी, बघ हे.’ आता ‘मिलिंद, बघ हे.’ एवढंच. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा शब्दाने काय होतं? माझा तिळपापड व्हायचा. मी खणलेल्या बिळावर हा आयता नागोबा, असं मी बसमध्ये खिडकीशी बसून मनात म्हणायचे. त्याची पेन्सिल टोकदार दिसली तरी मला राग यायचा. त्याचं अक्षर माझ्यापेक्षा सुंदर होतं. त्याला ताप आला तेव्हा सर दवाखान्यात घेऊन गेले, आणि मला आठवत राहिलं की मला ताप आला तेव्हा त्यांनी नुसती सुट्टी दिली होती. अशा गोष्टी मोजत होते मी. लाज वाटत नव्हती का? वाटत होती. तरी मोजत होते.

त्याने छपराची एक युक्ती काढली. स्लॅबच्या वर मातीची मडकी उलटी मांडायची, जवळ जवळ, आणि वर मातीचा थर देऊन सारवल्यासारखं बंद करायचं. मडक्यांत अडकलेली हवा ऊन खाली येऊ देत नाही. मडकी तिथल्याच कुंभारांकडून घ्यायची. खर्च फारसा नाही, विजेचा पंखा नसला तरी घर निवतं. सरांनी कागद पाहिला आणि चष्मा काढला. माझ्या कुठल्याही कागदावर त्यांचा चष्मा उतरला नव्हता. मग म्हणाले, ‘बायकांना विचारून ये, नलिनी. त्या हो म्हणाल्या तर हेच करू. आणि यंदा मिलिंदला पाठवू दक्षिणेत. त्याला याच्या पुढचं शिकू दे.’

मी हसून ‘हो सर’ म्हणाले.

बायका ओट्यावर जमल्या. मी सगळं नीट सांगितलं. हे माझ्या बाजूने लिहीत नाही, तसंच झालं म्हणून लिहिते. एक आजी म्हणाल्या, ‘मटके तो बाई मरने पे फूटते हैं, तुम छत पे रखवा रही हो!’ सगळ्या हसल्या. मग त्याच आजी म्हणाल्या, ‘पर ठंडक रही तो मरूंगी जरा देर से. रखवा दो.’ कमलबाईंनी तर पोरीला पिटाळून कुंभाराला विचारूनही आणलं. मी निघताना हात धरून म्हणाल्या, ‘त्याला सांगा, आमची सगळ्यांची हां आहे. पोराने आमच्यासाठी डोकं लावलं.’

त्याला सांगा. मला नाही, त्याला.

टेम्पोत बसले. वाटेत काही ठरवलं का? नाही ठरवलं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. ठरवलं होतं. आजींची मडक्याची थट्टा मी टेम्पोत पुन्हा पुन्हा घोळवत होते, तिला थट्टेतून बाहेर काढत होते. ऑफिसात शिरले तेव्हा सर आणि मिलिंद दोघेही उठून उभे राहिले. मी चप्पल काढली, पाणी प्याले आणि म्हणाले, ‘बायका नाही म्हणाल्या.’

‘का?’

‘प्रेतापुढे मडकं धरतात ना, सर. डोक्यावर मडकी नकोत म्हणाल्या. अशुभ वाटतं त्यांना.’

सरांनी डोळे मिटले, उघडले. ‘ठीक आहे. लोक नाही म्हणाले, विषय संपला.’ आणि कागद गुंडाळून ठेवला. त्यांच्या तत्त्वानेच मला वाचवलं.

पण थांबा. खोटं बोलले, हे सांगायला मी बसले असं तुम्हाला वाटलं असेल. तेवढंच असतं तर नवऱ्याला केव्हाच सांगून मोकळी झाले असते.

संध्याकाळी मी निघाले तेव्हा मिलिंद जिन्याशी उभा होता. सायकलचं कुलूप हातात. म्हणाला, ‘ताई, मडक्यांमुळेच ना? की…’

त्या ‘की’च्या पुढे तो गेला नाही. जायची गरज नव्हती. आम्हा दोघांनाही ठाऊक होतं तो काय विचारतोय. त्याला विचारायचं होतं की त्या बायकांना मडकी नकोत, की त्याचं आडनाव नको. ‘अरे वेड्या, मडक्यांमुळेच’ — एवढं खोटं तरी मी बोलायला हवं होतं ना? एका खोट्यावर दुसरं, त्यात काय जड होतं? मी पर्सची चेन लावली. उघडली, पुन्हा लावली. मग खाली बघत म्हणाले, ‘जाऊ दे ना आता, मिलिंद.’

तो ‘हां’ म्हणाला. सायकल काढली आणि गेला.

मला कळत होतं मी काय करतेय. जिथे त्याला हातातला कप मिळाला होता ते दार मी त्याच्या तोंडावर लावत होते, आणि तेही कमलबाईंच्या नावाने. आतून मला बरं वाटत होतं. हे एकदा लिहून खोडलं, पुन्हा लिहिते: बरंच वाटत होतं.

तो पुन्हा त्या वस्तीत गेला नाही. काही महिन्यांनी सरकारी नोकरीचं निमित्त सांगून ऑफिस सोडलं. सर दोन दिवस जेवले नाहीत, असं त्यांच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, सांगितलं. घरं साध्या स्लॅबची झाली. देखरेख माझीच. बायका विचारायच्या, ‘मटके कब लगेंगे?’ मी म्हणायचे, ‘इंजिनिअर नको म्हणतो.’ आणि त्या वर्षी दक्षिणेत कोण गेलं, ते सांगायला हवं का?

तिथे मी काय शिकले? मडक्यांची छपरं. उत्तम शिकले. परत आले आणि पीथमपूरच्या कारखानदारांच्या बंगल्यांवर ती घातली. मासिकांत फोटो आले. लोक मला ‘मडकीवाल्या मॅडम’ म्हणू लागले. कुठल्या कुठल्या कॉलेजात मी व्याख्यानं दिली, आणि प्रत्येक व्याख्यानात म्हणाले की हे शहाणपण सामान्य बायकांकडून घ्यावं.

एका मे महिन्यात त्या वस्तीत गेले होते. स्लॅबखाली उभं राहवत नव्हतं. कमलबाई ओलं पोतं डोक्यावर घेऊन दारात बसल्या होत्या. म्हणाल्या, ‘घर नाही मॅडम, भट्टी आहे ही.’ मग म्हणाल्या, ‘तो मिलिंद आलाच नाही हो पुन्हा. आमच्याकडून काही चुकून गेलं काय? त्याला कोणी काही बोललं काय?’ मी म्हणाले, ‘नोकरीत गुंतला असेल.’ त्यांच्याकडचा चहा प्याले त्या दिवशी. पहिल्यांदा.

सर गेले तेव्हा शोकसभेला मिलिंद आला होता. केस पांढरे, शर्ट तसाच कडक. सरकारी खात्यात दुसऱ्यांचे नकाशे तपासतो म्हणाला. ‘स्वतः काढायचं तेव्हाच सोडलं, ताई.’ का सोडलं, ते मी विचारलं नाही. माणसं पांगली तरी तो माझ्यासाठी थांबला होता. चपला घालता घालता म्हणाला, ‘ताई, एक सांगायचं राहून गेलं होतं. तेव्हा तुम्ही मडक्यांचं नाव पुढे केलंत. माझं मन राखायला. मला त्याच दिवशी जिन्यावर कळलं होतं. दुसरं कुणी असतं तर खरं कारण तोंडावर सांगितलं असतं. तुम्ही नाही सांगितलंत. थँक्यू म्हणायचं राहिलं.’

आणि त्याने वाकून नमस्कार केला.

मी म्हणाले, ‘अरे, त्यात काय एवढं.’ आणि त्याचा नमस्कार घेतला.