हिरव्या नऊवारीतले बाबा

मी नवऱ्या सजवते. पेडणे ते डिचोली या टापूत लग्न निघालं की नवरीला साडी नेसवायला आणि मेकअप करायला लोक मला बोलावतात. माझी एक वेबसाइट आहे. तिच्यावर मजकूर फारसा नाही, फोटोच फोटो. सोशल मीडियावर मी फोटो टाकला की तो आपोआप वेबसाइटवर येऊन बसतो, अशी सोय करून घेतली होती, कारण एकच काम दोनदा करायचा मला कंटाळा. पण त्या सोयीत एक खोड होती. सोशल मीडियावर फोटोखाली मी दोन-चार ओळी लिहायचे, त्या वेबसाइटवर यायच्या नाहीत. तिथे नुसते चौकोन. एकात साखळीची नवरी, दुसऱ्यात मोपाची, आणि मधोमध हिरव्या नऊवारीतली, नाकात नथ घातलेली, एक भुवई वर चढवलेली देखणी बाई. ती बाई म्हणजे माझे बाबा.

बाबा दिवसा टेम्पो चालवतात आणि जत्रांच्या दिवसांत दशावतारात बायकांच्या भूमिका करतात. आमचं घराणं मूळचं सिंधुदुर्गातलं, हे वेड तिकडूनच सोबत आलेलं. बाबांना मिशी असलेली मी कधी पाहिली नाही. राणीला मिशी कशी चालेल? साडी नेसवायला मी कुठल्या क्लासात शिकले नाही. बाबांना स्वतःची नऊवारी नेसताना बघत बघत शिकले. एकही पिन नाही, तरी राक्षसाशी झटापट झाली तरी निरी हलायची नाही. म्हणून त्यांचा फोटो टाकून मी खाली लिहिलं होतं, 'माझे बाबा, माझे गुरू'.

मग साखळीचं स्थळ आलं. मुलगा मला आवडला होता, हे आधीच सांगून टाकते. त्याच्या घरात शब्द चालायचा तो त्याच्या मावशीचा. ती आमच्याकडे आली तीच मुळी माझी वेबसाइट मोबाइलवर उघडून.

"ही हिरव्या साडयेची बायल कोण गो? कितें सोबीत दिसता! लग्नाक ही येवंकच जाय."

"येतलेच," मी म्हटलं. "ते माझे बाबा."

पोह्यांच्या बश्या घेऊन आलेली आई दारातच थबकली. मावशीने मोबाइल मांडीवर पालथा ठेवला. बाबा मात्र लाजून हसत होते. त्यांना फक्त स्तुती ऐकू आली होती.

दोन दिवसांनी मावशीचा फोन. "तसो आमकां दशावतार आवडटा गो. सगळी रात जागून पळयतात आमी. पूण व्याही म्हणून... फकत तो फोटो तेवडो काडून उडय."

म्हणजे देवळापुढे बसून टाळ्या वाजवायला दशावतार चालतो, सोयरिकीला चालत नाही. माझं डोकंच फिरलं. मुलाला विचारलं, तर त्याचं म्हणणं, लग्न होईपर्यंत काढ, मग परत लाव, फोटोच तर आहे.

फोटोच तर आहे! वेबसाइटवरून तेवढाच एक फोटो लपवायची सोय नव्हती. मुळात जिथे टाकला तिथूनच पुसावा लागला असता, खालच्या माझ्या ओळीसकट. आणि आज फोटो काढला की उद्या मांडवात बाबांना कुठे बसवायचं हेही मावशीच ठरवणार. परक्यांच्या मुलींची तोंडं रंगवून मी पोट भरते, आणि बापाच्या रंगवलेल्या तोंडाची लाज धरू? मी फोटो काढला नाही. हो-नाहीही कळवलं नाही. रविवारी ते लोक बोलणी पक्की करायला येणार होते, तेव्हा बघू म्हटलं.

बाबांना मी यातलं काही बोलले नव्हते. आईने सांगितलं असावं. एका सकाळी चहा देताना त्यांच्या वरच्या ओठावर मला काळं-पांढरं काहीतरी दिसलं. वाटलं, दाढी राहिली. पण गाल तर गुळगुळीत होते.

"बाबा, ह्या काय?"

"मिशी वाढवतंय." त्यांनी कपातून नजर वर केली नाही. "रविवारी ते येतले. चेडवाचो बापूस बापसासारखो दिसाक व्हयो मा. आणि तो फोटो काढून टाक गो. माझा काय, मी आता म्हातारो झालंय. तुझा लगीन म्हत्त्वाचा."

मला रडू आलं, आणि रडता रडता असा राग आला की हातातली किटली मी आदळलीच. भल्याभल्या राक्षसांना दरडावणारी राणी एका मावशीच्या फोनने 'मुलीचा बाप' दिसायला मिशी वाढवत बसली होती! मी तिथेच, त्यांच्यासमोर, मावशीला फोन लावला.

"तो फोटो मी काढूचंय नाय. लग्नात बाबा मांडवात पहिल्या रांगेत बसतले. येतलो त्या प्रत्येकाक मी सांगतलंय, ती हिरव्या साडयेतली बाई म्हणजे हेच. पटत असात तर रविवारी येवा."

रविवारी आईने शिरा करून ठेवला. कोणी आलं नाही. मुलाचा साधा मेसेजही नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? त्याच्यासोबत लाटंबार्सेच्या वाटेवरच्या टपरीत चहा प्यायले होते, तो दिवसभर आठवत राहिला. शिरा आम्ही तिघांनी संपवला.

मग बाबा उठून मागल्या दारी गेले. परत आले तेव्हा ओठ कोरा होता. त्या संध्याकाळी शेजारच्या गावात जत्रा होती. त्यांनी हिरवी नऊवारी काढली आणि नेहमीसारखी स्वतः नेसायला न घेता माझ्या हातात दिली. मी निऱ्या घातल्या, काष्टा ओढून घेतला. पिन मात्र त्यांनी लावू दिली नाही. नथ घातली, तोंड रंगवलं आणि भुवई चढवून ते माझ्यासमोर उभे राहिले.

"काढ फोटो," ते म्हणाले. "आणि ह्या खेपेक खाली नको लिहू, खालचा थंय वेबसाइटवर कोणाक दिसणा नाय. फोटोवरच लिही, मोठ्या अक्षरांत. चेडवाचो बापूस."