टाकी फुल असली की बंद पडणारी गाडी

"पाहा मिस्त्री, आता कशी चालून राह्यली! माह्यासंगंच काहून अशी करते?"

वामनभाऊ वैतागले होते आणि गाडी माझ्या गॅरेजसमोर निवांत गुरगुरत उभी होती. माझं गॅरेज दिग्रसला, पुसद रोडवर. गाडी सात सीटची, जुनी, डिझेल. ती तिसऱ्यांदा माझ्याकडे आली होती आणि तक्रार तीच. चालता चालता दम सोडते आणि बंद पडते. थोडा वेळ उभी ठेवली की काही झालंच नाही अशी सुरू होते. माझ्याकडे आली की मात्र बंद पडायचं नावच काढत नाही.

याला आम्ही इंटरमिटंट प्रॉब्लेम म्हणतो. कधी असतो, कधी नसतो. मेकॅनिकला याचा मनापासून राग असतो. गाडी कायमची बंद पडली तर परवडलं, बिघाड जागेवर तरी सापडतो. हा पेशंट दवाखान्याच्या पायरीवर बरा होतो आणि घरी गेला की कण्हतो.

दुसऱ्या कुणाकडून घेतलेली गाडी असती तर वामनभाऊंनी एवढं मनाला लावून घेतलं नसतं. पण ती त्यांनी व्याह्यांकडून घेतली होती. त्यांची मुलगी वैशाली फुलसावंगीला दिलेली, लग्न याच उन्हाळ्यातलं. तिचे सासरे दादाराव नवी गाडी घेणार होते, म्हणून जुनी यांना दिली. ती दुसऱ्यांदा रस्त्यात बंद पडली तेव्हा वामनभाऊंनी तिथूनच व्याह्यांना फोन लावला आणि "इवाई, भंगार मारलं तुम्ही माह्या गळ्यात," असं बोलून बसले.

दादारावही काही कमी नव्हते. म्हणाले, "भंगारवाल्याच्या घरून दिवाळीले पोरगी कायले नेता मंग? राहू द्या इथंच."

दिवाळी तोंडावर आलेली. लग्नानंतरची पहिली दिवाळी, लेक-जावयाचा दिवाळसण, आणि तो एका गाडीपायी अडकला होता.

"पहिलेपासूनच खराब होती, एवढं निंघालं पाह्यजे," वामनभाऊ मला म्हणाले. "मंग मी बोललो ते खोटं नाही ठरत."

निकाल आधी लावून तपास मागून करायचा, हे मला पटत नाही. पण गिऱ्हाईक तापलेलं असताना आपण थंड राहावं. 

पहिल्या खेपेला मी डिझेल फिल्टर बदलला होता. दुसऱ्या खेपेला डिझेलची लाइन तपासली, कुठून हवा ओढते का ते पाहिलं. इंजिन बंद करणारा विजेचा एक छोटा भाग असतो, सोलेनॉइड. त्याच्या वायरी हलवून पाहिल्या. सगळं ठीक. ट्रायल मारली, तीही ठीक. या वेळी मी पाना हातात घेतलाच नाही. स्टूल ओढलं आणि वामनभाऊंना समोर बसवलं.

"कधी बंद पडते?"

"कवाही."

"कवाही नसते पडत. पहिल्यांदा कुठं पडली?"

"पुसदले जाताना."

"डिझेल किती होतं?"

"टाकी फुल केलती."

"दुसऱ्यांदा?"

"महागावले गेलतो. तवाही फुल होती. लांब जायचं म्हणलं की मी फुलच करतो."

"आणि गावातल्या गावात फिरता तेव्हा?"

"तवा नाही पडत. तवा काटा खालीच असते."

माझ्या दोन्ही ट्रायली काटा खाली असतानाच झाल्या होत्या. मी उठलो, गाडी पंपावर नेली, टाकी फुल केली आणि वामनभाऊंना स्टिअरिंगवर बसवून पुसदच्या दिशेनं निघालो. बरंच अंतर गेल्यावर एका चढाला इंजिनानं मान टाकली. वामनभाऊंनी गाडी कडेला घेतली आणि धावत पुढं जाऊन बॉनेट उघडलं. मी मागं गेलो आणि टाकीचं झाकण फिरवलं.

सूऽऽ करून हवा आत शिरली.

"मारा सेल्फ," मी म्हणालो. गाडी लगेच सुरू झाली.

प्रकार साधा आहे. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडून डबा उलटा करा. तेल अडत अडत येतं. दुसरं भोक पाडलं की धार लागते. टाकीचंही तसंच. डिझेल बाहेर जाईल तशी हवा आत यायला हवी. त्यासाठी एक बारीक ब्रीदर पाइप असतो. तो बुजला की टाकीत ओढ तयार होते आणि इंजिनाला डिझेल मिळत नाही. टाकी फुल असेल तर आत हवा थोडी, म्हणून ओढ लवकर बसते. गाडी उभी राहिली की हवा कुठून तरी हळूहळू झिरपते आणि इंजिन पुन्हा शहाणं होतं.

गॅरेजला येऊन पाइप काढला. तोंडाशी घट्ट माती बसलेली. स्क्रू ड्रायव्हरनं फोडली, तर आत निपचित पडलेले बारके कोळी आणि एक पांढरी अळी. कुंभारीण माशीचं घर. ही माशी भिंतीच्या कोपऱ्यात मातीचं घर करते, नाहीतर मिळेल त्या भोकात, आणि अळीला खायला आत कोळी भरून ठेवते.

वामनभाऊंचा चेहरा खुलला. "म्हंजे इवायाकडंच झालं हे!"

"थांबा," मी म्हणालो. "पिल्लू मोठं झालं की माती फोडून उडून जातं. घर जुनं असतं तर रिकामं असतं आणि त्याला भोक असतं. हे बंद आहे, अळी अजून आत आहे. म्हणजे ताजं आहे. एवढ्यात गाडी बरेच दिवस कुठं उभी होती?"



"शेतात," वामनभाऊ म्हणाले. "इवाई म्हणे, जागा पाह्यजे, गाडी न्या. अन् इकडं पितृपक्ष लागला. नवी वस्तू घरी कशी आणू? म्हणून दसऱ्यापर्यंत शेतातल्या टिनाच्या शेडमंदी ठेवली. शेतात ठेवली म्हंजे घरी आणली असं होत नाही ना."

पितरांची अडचण त्यांनी बरोबर चुकवली होती. कुंभारणीला मात्र पितृपक्षाचं सोयरसुतक नव्हतं.

"मिस्त्री," ते हळू आवाजात म्हणाले, "तुमीच सांगा ना इवायाले, जुनंच होतं म्हणून. तुमचं ऐकतीन ते."

मला त्यांची कीव आली. पोरीच्या बापाला व्याह्यापुढं मान खाली घालणं किती जड जातं, ते मी जाणतो. पण एकदा खोटं निदान सांगितलं की पुढं माझ्या खऱ्या निदानावरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

"फोन तुम्ही लावा," मी म्हणालो. "मी इथंच उभा आहे."

त्यांनी स्पीकर लावला. माशीचं सांगितलं, शेताचं सांगितलं. मग अडखळले. "अन् इवाई, मी तवा जे बोललो ना... ते चुकलं माह्यं."

पलीकडून दादारावांचा आवाज आला, "टाकी फुल करा."

"काय म्हणता?"

"टाकी फुल करा अन् फुलसावंगीले या. मधात बंद नाही पडली तर पोरगी अन् जावई त्याच गाडीत घेऊन जा. पडली तर मले फोन करू नका, मिस्त्रीले करा."

मी नवा पाइप टाकला, तोंडाला बारीक जाळी बांधली. दुसऱ्या दिवशी सकाळी वामनभाऊ निघाले. मी एका टेम्पोचा क्लच काढत होतो, पण कान फोनकडे होते. वामनभाऊंच्या नंबरवरून फोन आला तो दुपारी. बोलत होती एक मुलगी.

"काका, मी वैशाली. बाबा म्हणते, मिस्त्रीले सांग, कुठंच नाही पडली बंद. आम्ही निंघूनच राह्यलो."

"आणि तुझे बाबा, सासरे कुठं आहेत?"

"ते अन् मामाजी गाडीखाली वाकून तुमची जाळी पाहून राह्यले."

जुनी गाडी घेतली आणि ती अधूनमधून बंद पडायला लागली, तर आधी टाकीचं झाकण उघडून पाहा. व्याह्यांना फोन त्यानंतर.