चहा आणायला गेलो तेवढ्यात

मित्रहो, या कम्युनिटीत चहाचे भक्त बरेच आहेत, म्हणून फिर्याद इथेच मांडतो. आज चिखलोलीत बोअरच्या मशीनने उडवलेली काळ्या दगडाची पूड माझ्या कपात सायीसारखी जमली. पाषाणभस्म समजून घोट घ्यायला गेलो, घशाखाली उतरेना. शेवटी दुसरा कप आणायला टपरीवर गेलो.

आमची बोअर पिण्यासाठी नव्हती. कारखान्यांचं सांडपाणी जमिनीत किती मुरलंय, ते तपासण्यासाठी होती. खडकाच्या वरच्या फटीत घाण पाणी लागलं की थांबायचं, पाइप घालून ती फट सिमेंटने बुजवायची आणि मगच खाली जायचं. "थांबा" म्हणायचं काम माझं.

परतलो तर मशीनवाले अण्णा खुशीत.

"साब, दो दिन का पत्थर टूटा! नीचे एकदम मीठा पानी!"

"आणि वरची फट?"

"वो तो बदबूवाला था. छोड़ दिया."

जन्मभर लोकांना पिण्याचं पाणी काढून देणारा माणूस वासाच्या पाण्यापाशी कशाला थांबेल?

मी भोकाला कान लावला. वरचं पाणी खालच्या पाण्यात पडताना स्पष्ट ऐकू आलं. सिमेंट आता भरूच, पण खाली गेलं ते गेलं.

शेजारच्या वामनमामांचं अख्खं घर त्याच खालच्या पाण्यावर जगतं. निघताना त्यांनी कुंपणापलीकडून विचारलं, "काय भाऊ, आमचा पानी चांगला हाय ना?"

मी "हो" म्हणालो. सकाळपर्यंत ते खरं होतं. उद्या त्यांना काय सांगू? मला फार भीती वाटतेय.